आपसूक येणारं अक्षर

माझ्या कामाचं नाव मला घरात कधी नीट सांगता आलेलं नाही. मोताळ्याच्या आठवडी बाजारात बाबांना कोणी विचारलं, की पोरगी काय करते, तर ते म्हणतात, "कम्प्युटरात पत्राचं अक्षर ठरवते." विचारणारा म्हणतो, "म्हंजे टायपिंग?" बाबा म्हणतात, "नाही बे. टायपिंग दुसरे करतेत. आमची ठरवते." त्या 'ठरवते'वर जो जोर असतो, तो माझ्या डिग्रीचा आहे. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. कम्प्युटर, फर्स्ट क्लास. हे मी लपवत नाही आणि सांगताना मान खालीही घालत नाही.

बाबा सांगतात ते तसं बरोबरच आहे. मी ज्या पुण्याच्या छोट्या कंपनीसाठी घरून काम करते, तिचं एक सॉफ्टवेअर आहे. संस्था, शाळा, शेतकऱ्यांच्या कंपन्या ते आपल्या सभासदांना पत्रं पाठवायला वापरतात. त्याच्या पोटात एक एडिटर बसवलेला आहे. एका बाजूला कोरा कागद, दुसऱ्या बाजूला ठोकळे. शीर्षकाचा ठोकळा, मजकुराचा, फोटोचा, बटणाचा. ठोकळा ओढून कागदावर सोडायचा आणि त्यात लिहायचं. तेच पत्र ईमेलने जातं आणि तेच वेबपान होऊन मोबाईलवर उघडतं. आता लिहिणाऱ्याने अक्षर केवढं, रंग कोणता, दोन ओळींत जागा किती, यातलं काहीच निवडलं नाही तर काय यावं? ते आपसूक यायचं अक्षर मी ठरवते. त्याला आम्ही डीफॉल्ट म्हणतो. आणि खरं सांगायचं तर बहुतेक लोक काहीच निवडत नाहीत. त्यांना सांगायचं असतं ते ते लिहितात आणि पाठवून देतात. म्हणून मी ठरवलेलंच जगभर फिरतं, असं मी त्या वेळी मोठ्या डौलात म्हणत असे.

संग्रामपूरच्या शेतकरी कंपनीचं काम माझ्याकडे आलं ते पुण्याच्या मॅडमनी दिलं म्हणून. मॅडम म्हणजे आमच्या टीमच्या प्रमुख. "तू त्याच भागातली आहेस ना, तूच बघ," त्या म्हणाल्या. मोताळ्याहून संग्रामपूरला जायचं तर नांदुऱ्याला गाडी बदलावी लागते आणि अर्धा दिवस मोडतो. पण पुण्यातून नकाशा पाहिला की सगळा बुलढाणा जिल्हा एका बोटाखाली येतो. मी हो म्हटलं.

कंपनीचं ऑफिस म्हणजे गोदामाला लागून असलेली एक लांबट खोली. तिथे मला दोन माणसं भेटली. एक कंपनीचे अध्यक्ष, मोठे कास्तकार, बोलायला रोखठोक. दुसरे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, जुना चष्मा, खिशाला पेन. सभासदांसाठी दर सोमवारी काहीतरी उपयोगाचं लिहायचं, हे काम गुरुजींकडे होतं. आधी ते ऑफिसच्या दारातल्या फळ्यावर खडूने लिहीत. आता फळ्याच्या जागी आमचं सॉफ्टवेअर आलं होतं.

अध्यक्षांनी गुरुजींच्या समोरच मला सांगितलं, "हे पाहा म्याडम, खरिपाच्या आधी आमची सभा हाये. तोवर गुरुजी लिहितीन. लोकांनी वाचलं तं ठीक. नाई वाचलं तं अकोल्याची एक एजन्सी हाये, तिले देऊन टाकू. फोटो-बिटो टाकून चकाचक करून देते म्हणे."

गुरुजी मला बसस्टँडवर सोडायला आले तेव्हा वाटेत म्हणाले, "बेटा, रिटायर झालो तवापासून मले कोणी काही विचारत नाई. फळ्यावर लिहीत होतो तं लोक गाडी थांबवून विचारत, गुरुजी, हे कसं, ते कसं. हे काम माह्याकडं राह्यलं पाह्यजे."

मी म्हटलं, "राहील ना गुरुजी. तुम्ही फक्त लिहा. दिसायचं मी बघते."

मी बघितलं ते असं. पुण्याहून एक तयार तक्ता आला होता, इंग्रजी पत्रांसाठी बनवलेला. मजकूर चौदाच्या मापात, ओळी एकमेकींना चिकटून, रंग फिक्कट राखाडी. शीर्षक बत्तीसच्या मापात, गडद हिरवं. लॅपटॉपवर ते फार देखणं दिसलं. मी ते जसंच्या तसं बसवलं आणि संग्रामपूरचं काम झालं म्हणून खूण केली.

पहिलं पत्र गेलं आणि दुसऱ्या दिवशी गुरुजींचा फोन आला. "बेटा, वेलांट्या कापल्या जाऊन राह्यल्या. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या डोक्यात घुसते. अन् उन्हात उभं राहून मोबाईल पाह्यला तं अक्षरच दिसत नाई."

चूक माझी आणि साधी होती. इंग्रजी अक्षर ओळीत गपचूप बसतं. आपल्या अक्षराला वर मात्रा, खाली उकार, त्याला जागा लागते. शेतात उभ्या माणसाच्या हातातला मोबाईल राखाडी रंग दाखवत नाही, हेही मला कळायला हवं होतं. मी शेतातच वाढले आहे. पण शिकलेल्या माणसाला तयार तक्ता मिळाला की तो आधी तक्त्यावर विश्वास ठेवतो. मी त्याच दुपारी डीफॉल्ट बदललं. अक्षर अठराचं, ओळींत मोकळी जागा, रंग काळा. एक नवं कोरं पत्र उघडून, त्यात चार ओळी लिहून, माझ्या मोबाईलवर पाहिलं. सगळ्या मात्रा आपापल्या जागी. गुरुजींना कळवलं, "झालं. पुढच्या पत्रापासून बरोबर येईल."

पुढचा सोमवार गेला. गुरुजींचा फोन, "तसंच हाये बेटा."

"गुरुजी, मी केलंय. तुम्ही पान पुन्हा उघडून बघा."

त्याच्या पुढचा सोमवार. "तसंच दिसते."

मी पुन्हा एक कोरं पत्र उघडलं, पुन्हा चार ओळी लिहिल्या, पुन्हा ठीक दिसलं. मग मी जे बोलले ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "गुरुजी, मी स्वतः तपासलंय. अक्षर एकदम बरोबर आहे. आता त्यात काही प्रॉब्लेम नाही." आवाज चढवला नव्हता. पण त्या आवाजात फर्स्ट क्लास होता.

मग ते म्हणाले, "असं? मंग माह्या डोळ्याचंच असंन."

त्यानंतर त्यांचा अक्षराबद्दल फोन आला नाही. मी मनात म्हटलं, पटलं एकदाचं.

तीन महिने होत आले तेव्हा मॅडमचा फोन आला. "अगं, संग्रामपूरची पत्रं कोणी उघडतच नाहीये. जेमतेम काही लोक. त्यांच्या सभेत हे निघालं तर ते आपल्याला सोडतील. एकदा जाऊन ये बघू."

मी गेले. पहाटेच्या गाडीने निघून ऊन चढायच्या आत पोहोचले. अध्यक्ष खोलीतच होते. मला पाहताच त्यांनी मोबाईल काढला आणि सभासदांचा ग्रुप उघडून माझ्यापुढे धरला. पत्राचं वेबपान तयार झालं की त्याचा दुवा गुरुजी त्या ग्रुपवर टाकत. दुवा टाकला की खाली पानाचं नाव आपोआप दिसतं. मी अंगठ्याने वर सरकवत गेले. प्रत्येक सोमवारी एक दुवा. आणि प्रत्येक दुव्याखाली एकच नाव, मोठ्या अक्षरात:

॥ श्री ॥

आणि त्याच्या खाली सभासदांचे हात जोडलेले. एकाखाली एक, रांगेने नमस्कार.

"पाह्यलं?" अध्यक्ष म्हणाले. "लोकांले वाटते सकाळचा देवाचा मेसेज हाये. हात जोडतेत अन् पुढं जातेत. काहो गुरुजी, तुमचं हे भजनी मंडळ केव्हापासून सुरू झालं?"

गुरुजी टेबलाशी बसले होते. ते हसले, पण तोंडापुरतं. अध्यक्ष गोदामाकडे निघून गेले तेव्हा माझं लक्ष गेलं, की गुरुजींचा चष्मा नवा आहे.

"चष्मा बदललात वाटतं," मी म्हटलं.

"तू म्हणली ना, अक्षर बरोबर हाये. म्हणून खामगावले जाऊन डोळे दाखवून आलो." ते अगदी साधेपणाने म्हणाले, त्यात टोमणा नव्हता. "डॉक्टर म्हणे, गुरुजी, नंबर जुनाच हाये, काही बदल नाई. आता गेलोच होतो तं फ्रेम बदलून घेतली."

माझ्या शब्दावर विश्वास ठेवून एक माणूस तालुका ओलांडून स्वतःचे डोळे तपासून आला होता. आणि मी त्या सगळ्या आठवड्यांत एकदाही त्यांचं पत्र उघडून पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं ते माझं पत्र.

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "गुरुजी, या सोमवारचं पत्र माझ्यासमोर करा. मी नुसती बघते."

त्यांनी लॅपटॉप उघडला. कोऱ्या पत्राचं बटण वरच होतं, मोठं, निळं. त्याला त्यांनी हात लावला नाही. यादीतलं मागच्या सोमवारचं पत्र निवडलं, त्याची नक्कल केली, तारीख बदलली, वरचा श्री तसाच ठेवला आणि मधला मजकूर पुसायला घेतला.

"हे काऊन गुरुजी? नवीन का नाही घेत?"

"अवं, परिपत्रक असंच असते," ते म्हणाले. "मागचं काढायचं, तारीख बदलायची, मधलं बदलायचं. शाळेत उभा जन्म असाच गेला. कोऱ्या कागदावर सुरू केलं तं काहीतरी राहून जाते. कधी जावक क्रमांक राह्यते, कधी सहीची जागा."

आणि मला सगळं लख्ख दिसलं. डीफॉल्ट लागतं ते नवा ठोकळा कागदावर पडतो त्या क्षणाला. एकदा ठोकळा पडला की तो आपले कपडे घालूनच पुढे चालतो. नंतर तुम्ही डीफॉल्ट कितीही बदला, जुन्या ठोकळ्याला त्याचा पत्ता नसतो. गुरुजींची सगळी पत्रं त्या पहिल्या आठवड्यातल्या पहिल्या पत्राच्या पोटची होती. चौदाचं राखाडी अक्षर, चिकटलेल्या ओळी, पिढ्यान्‌पिढ्या तसंच उतरत आलेलं. मी इकडे मोताळ्यात बसून कोरी पत्रं तपासत होते, आणि कोरं पत्र तर तिथे कोणी उघडतच नव्हतं.

श्रीचंही तसंच. गुरुजींनी पहिल्या दिवशी कागदावर पहिला ठोकळा ओढला तो शीर्षकाचा. कागदाच्या माथ्यावर जे लिहितात ते त्यांनी त्यात लिहिलं. पत्रिका असो, पावती असो, मुलाची नवी वही असो, आपल्याकडे पहिल्या ओळीच्या वर मधोमध श्री असतो. आमच्या सॉफ्टवेअरला ते माहीत नव्हतं. ते पहिल्या शीर्षकात जे असेल तेच पानाचं नाव समजतं. आणि खरं शीर्षक, म्हणजे 'कांद्याची साठवण' किंवा 'माती तपासणीला कशी द्यावी', ते गुरुजींनी खाली साध्या मजकुरात लिहिलं होतं, राखाडी, चौदाच्या मापात.

"गुरुजी," मी म्हटलं, "डोळे तुमचे चांगलेच होते. चूक माझी होती." आणि सगळं सांगितलं.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, वर्गात उत्तर ऐकावं तसं. मग म्हणाले, "असू दे. फ्रेम चांगली हाये."

इथे मी दुसरी चूक केली. घाईने. म्हटलं, मग सोपं आहे, श्री काढून टाकू. कोरं पत्र घ्या, शीर्षकात विषय लिहा, खाली मजकूर. गुरुजी लगेच हो म्हणाले. ते कोणत्याही शिकण्याला नाही म्हणत नसत. मी त्यांना कोरं पत्र उघडून दिलं. विषय त्यांच्या मनात तयार होता: घरचं सोयाबीनचं बियाणं पेरण्याआधी त्याची उगवण कशी तपासावी. पेरणी तोंडावर होती, आणि सभाही. हे एकच पत्र असं होतं, की जे वाचलं गेलं तर सभेच्या आधी लोकांच्या घराघरांत दिसणार होतं.

पडद्यावर लिहिलेलं होतं, 'येथे शीर्षक लिहा'. गुरुजी त्याच्याकडे बघत बसले. चहा आला, पिऊन झाला. त्यांनी एक ओळ लिहिली, पुसली. मला परतीची गाडी धरायची होती. "तुम्ही निवांत करा," म्हणून मी निघाले.

सोमवारी पत्र गेलं नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी दुपारपर्यंत वाट पाहून फोन केला.

"सुरुवातच नाई होऊन राह्यली बेटा," गुरुजी म्हणाले. आवाजात ओशाळलेपण होतं. "विषय सगळा पाठ हाये. तोंडी विचार, आत्ता सांगतो. पण ते शीर्षक लिहितो अन् वाटते, डोक्यावरची टोपी राह्यली घरी. हात पुढं जात नाई. आता या वयात... तू अध्यक्षांले काही सांगू नको. पुढच्या सोमवारी पाहू."

पुढच्या सोमवारनंतर सभेला दहाच दिवस उरत होते. पत्रच गेलं नाही, तर अकोल्याला काम द्यायला कोणाला कारण शोधावं लागणार नव्हतं.

मी फोन ठेवला आणि माडीवरून खाली आले. बाबा ओट्यावर विळ्याला धार लावत होते. मी त्यांना विचारलं, "बाबा, चिठ्ठी लिहिताना वर श्री काऊन लिहितात?"

ते म्हणाले, "हात चालू व्हाले."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? पंप सुरू करतानी आधी वरून पानी ओतत नाई का? त्यानंच तो वढते मंग खालचं." आणि पुन्हा विळ्याला लागले.

मी वर जाऊन मॅडमना फोन लावला. म्हटलं, संग्रामपूरसाठी वेगळं डीफॉल्ट करायचं आहे. कोरं पत्र उघडलं की वर मधोमध बारीक अक्षरात श्री आधीच असावा, पण तो शीर्षकाचा ठोकळा नसावा. त्याच्या खाली शीर्षक, आणि पानाचं नाव तिथून घ्यावं.

मॅडम म्हणाल्या, "अगं, डीफॉल्ट सगळ्यांसाठी असतं. एकेका क्लायंटच्या सवयीसाठी नसतं. उद्या प्रत्येक जण काहीतरी मागेल."

"मागू द्या की. क्लायंटप्रमाणे वेगळं डीफॉल्ट द्यायची सोय त्या एडिटरमध्ये आहेच. एडिटर उघडतो तेव्हा फक्त त्या क्लायंटच्या डीफॉल्टची यादी त्याला पाठवायची. आपणच कधी वापरली नाही."

"पण हे असलं, देवाधर्माचं..."

"मॅडम, आपलं कोरं पत्र उघडलं की त्यात 'हाय देअर' आधीपासून लिहून येतं. ते काय आहे?"

"ते ग्रीटिंग आहे गं."

"हेही तेच आहे. फक्त पत्ता वेगळा आहे."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "तू मोताळ्यात बसून माझ्याशी भांडतेस हं."

माझा पारा थोडा चढला होता, आणि पारा चढला की माझी कॉलेजची भाषा सुटते. म्हटलं, "काऊन, भांडाले पुण्यातच बसा लागते काय?"

मला वाटलं, गेली नोकरी. मग मॅडम म्हणाल्या, "कर. पण लॉक करू नकोस. ज्याला तो श्री नको असेल, त्याला पुसता आला पाहिजे."

ते मलाही पटलं. आम्ही बऱ्याचदा ठोकळे कुलूपबंद करतो, लिहिणाऱ्याने बिघडवू नये म्हणून. इथे मी काहीच कुलूपबंद केलं नाही. वरची ओळ बारीक, मधोमध, पुसता येणारी. खाली शीर्षक, बत्तीसचं नाही, चोवीसचं, कारण मराठी शीर्षक लांब असतं आणि मोबाईलवर चार ओळी खातं. मजकूर अठराचा, काळा. तिरपं अक्षर कुठेच नाही. आपलं अक्षर तिरपं केलं की वाऱ्यात लवल्यासारखं दिसतं.

पण एवढ्याने भागणार नव्हतं, हे मला आता ठाऊक होतं. गुरुजी कोऱ्या पत्राच्या निळ्या बटणाला हात लावणारच नव्हते. त्यांची ती सवय मोडण्याचा मला काय अधिकार? म्हणून मी त्या नव्या डीफॉल्टवर एक पूर्ण पत्र स्वतः तयार केलं. श्री, तारखेची जागा, शीर्षक, मजकूर, खाली सहीची जागा. जावक क्रमांकसुद्धा. ते यादीत सगळ्यात वर ठेवलं, म्हणजे नक्कल करायला पहिलं तेच हाती लागेल. आणि मागची सगळी पत्रं एकेक उघडून हाताने दुरुस्त केली. डीफॉल्ट मागे जात नाही, माणसालाच जावं लागतं. एक अख्खी दुपार त्यात गेली. त्या दुपारी गुरुजींची सगळी पत्रं मी पहिल्यांदा वाचली. चांगली होती. लहान वाक्यं, एका वाक्यात एकच काम.

गुरुजींना फोनवर एवढंच सांगितलं, "यादीतलं वरचं पत्र घ्या आणि मधलं बदला."

"वरचं म्हंजे मागचंच ना?"

"हो. मागचंच."

सोमवारी सकाळी मी अजून चहाच घेत होते, तोच ग्रुपवर दुवा आला; अध्यक्षांनी मागच्या भेटीत मलाही ग्रुपात घेतलं होतं. खाली नाव: 'घरचं सोयाबीन उगवेल का? गोणपाटाला विचारा'. उघडलं. वर बारीक श्री. मग गुरुजींचा मजकूर. "बियाणं घरचं आहे म्हणून भरवसा ठेवू नका. एक गोणपाट ओलं करा. शंभर दाणे मोजून दहा-दहाच्या रांगांत मांडा. वरून दुसरं ओलं गोणपाट टाका, गुंडाळी करा. रोज पाणी शिंपडा. सातव्या दिवशी उघडून किती उगवले ते मोजा आणि मला सांगा." वेलांट्या, उकार, सगळं जागच्या जागी होतं. खाली कोणी हात जोडले नव्हते. अर्ध्या तासाने एकाने विचारलं, "गुरुजी, प्लास्टिकची गोणी चालन काय?"

सभेला मला बोलावणं होतं, आमच्या सॉफ्टवेअरचं काय करायचं तेही ठरायचं होतं म्हणून. सतरंजीवर सगळे संचालक, भिंतीशी टेबल, टेबलाशी गुरुजी इतिवृत्ताची वही घेऊन. सभेचा वृत्तांत लिहिणं हेही त्यांच्याकडेच. विषयपत्रिकेवर तिसरा विषय होता, 'सभासद पत्राचे काम एजन्सीस देणेबाबत'. गुरुजींनी तो विषय स्वतःच्या हाताने वहीत लिहिला आणि पेन वर धरून बसले.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "हं. पत्राचा विषय. गुरुजींची मेहनत हाये, त्याच्यात वाद नाई. पण..."

"पत्रावरून आठवलं," सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचे एक संचालक मधेच म्हणाले, "माह्याकडं निम्मेच उगवले राव. बियाणं तं चांगलं होतं."

"कुठं ठेवलं होतं गोणपाट?" दुसऱ्याने विचारलं.

"माळवदावर."

"उन्हात? अरे बाप्पा! ते वाळून गेलं असंन ना."

"रोज पानी मारलं ना बे! पत्रात कुठं लिहिलं व्हतं, सावलीत ठेवा म्हणून?"

"अक्कल नावाची गोष्ट पत्रात लिहा लागते काय?"

"उन्हात ऊब भेटते. जमिनीत काय सावली असते?"

बघता बघता सतरंजीचे दोन भाग झाले. एक उन्हाचा, एक सावलीचा. अध्यक्षांनी आधी दोघांना शांत करायचा प्रयत्न केला आणि मग स्वतःच म्हणाले, "आमच्याकडं हिनं मोरीजवळ ठेवलं. ते लवकर उगवलं, पण काही दाने सडले. ते मोजाचे का नाई मोजाचे, तेही लिहिलं नाई पत्रात." मग ते वळले. "गुरुजी, तुमीच सांगून टाका. ऊन का सावली? अन् सडलेले धराचे का सोडाचे?"

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं.

गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं. "सोमवारच्या पत्रात येईन," ते म्हणाले.

"आता सांगाले काय होते?"

"आत्ता सांगतलं तं सोमवारी पत्र कायले उघडसान?"

कोणीतरी मोठ्याने हसलं. माळवदवाले संचालक म्हणाले, "गुरुजी, तोवर माह्यं बियानं..."

"पेरणीले वेळ हाये. सोमवार चार दिवसांवर हाये." मग गुरुजींनी वही थोडी अध्यक्षांकडे सरकवली. "पण सोमवारी मीच लिहीन का नाई, ते तुमी ठरवा. विषय समोर हाये. मले वृत्तांतात काहीतरी लिहा लागन."

अध्यक्षांनी वहीतल्या त्या ओळीकडे पाहिलं. चष्मा नाकावर सरकवून पुन्हा पाहिलं, जसं काही अक्षर ओळखू येत नव्हतं. मग म्हणाले, "लिहा. एजन्सीची सध्या गरज नाई. पत्र आहे तसंच चालू ठेवावं. सर्वानुमते." आणि सतरंजीकडे बघून, "हाये ना सर्वानुमते? का त्याच्यातही ऊन-सावली?"

सगळे हो म्हणाले. गुरुजींनी टोपण काढलं, ते वाक्य सावकाश लिहिलं, खाली रेघ ओढली आणि म्हणाले, "विषय चार. गोदामाचं पत्र्याचं काम."

सभा संपल्यावर ते मला सोडायला निघाले. गाडीला वेळ होता. मी म्हटलं, "गुरुजी, मला तरी सांगा. आमच्याकडेही घरचंच बियाणं आहे. बाबा विचारतील."

"बाबांले सांग, सोमवारी पाह्य म्हणा," ते म्हणाले, आणि गाडी येईपर्यंत पाऊसपाण्याचं, रस्त्याचं, माझ्या पगाराचं, सगळं बोलले. तेवढं एक सोडून.